अनुभव हवा, मूल नको

मूल सांभाळायच्या कामासाठी ब्युरोत नाव नोंदवायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. वय किती, गाव कुठलं, आधार कार्ड आहे का, नवरा काय करतो, बारा तास जमेल का चोवीस तास. मग विचारतात, स्वतःची मुलं आहेत का. याला 'हो' म्हटलं की काम लवकर मिळतं, कारण घरं मागतातच तसं, की पोरंबाळं असलेली बाई द्या, तिचा हात बसलेला असतो, बाळ रडलं तर ती घाबरत नाही. आणि त्याच्या पुढचा प्रश्न, मुलं कुठं असतात? याला उत्तर हवं असतं 'गावी, सासूबाईंकडं'. माझं उत्तर होतं, दीड वर्षाची मुलगी आहे आणि ती माझ्याबरोबर येणार. तिथं लिहिणाऱ्या बाईचा पेन थांबायचा.

ही दोन्ही उत्तरं एकाच बाईकडून कशी मागतात हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पटत नाही. बाळाला कसं धरायचं, पोट दुखतंय का भूक लागलीय का नुसती झोप आलीय हे रडण्यावरून कसं ओळखायचं, हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. ते शिकलेलं सगळं पाहिजे आणि जिच्यामुळं शिकले ती नको. मला एवढंच सांगायचंय की बाई तुमच्या घरी कामाला येते तेव्हा तिचं मूल कुठंतरी असतंच, ते हवेत जात नाही. ते कुठं आहे हा विषय पगार आणि सुट्टीच्या बरोबरीनं पहिल्याच दिवशी बोलणीत यायला पाहिजे, आणि ते बरोबर येणार असेल तर ती कामाची अट म्हणून यावी, कुणाची मेहेरबानी म्हणून नाही.

आम्ही पुण्यात आंबेगाव पठारला राहतो. सकाळी सात ते नऊ आमच्या गल्लीतून बायकाच बायका बाहेर पडतात, कुणी धुणीभांडी, कुणी पोळ्या, कुणी माझ्यासारख्या बाळ सांभाळायला. त्यांची स्वतःची बाळं कुठं असतात ते सांगते. एकीचा मुलगा बार्शीकडं आज्जीजवळ, दिवाळीला आणि मे महिन्यात भेट, बाकी व्हिडिओ कॉल, आणि कॉलवर तो आता आईशी जास्त बोलत नाही, आज्जीच्या पदराआड जातो. एकीची मोठी मुलगी सहावीत आहे, धाकटा आजारी पडला की ती शाळा बुडवून घरी राहते, बाई विचारतात गैरहजर का तर पोट दुखत होतं सांगते. काही जणी गल्लीच्या टोकाच्या मावशींकडं महिन्याचे पैसे देऊन ठेवतात, मावशी जीव लावणाऱ्या आहेत पण एकच खोली, आठ-दहा पोरं आणि टीव्ही. आणि एक-दोन घरी बाहेरून कडी लावलेली असते, शेजारणी खिडकीतून अधूनमधून हाक मारतात, बिस्कीट देतात. त्या आईला कुणी नावं ठेवू नका, तिच्यापुढं काय पर्याय होते ते मी बघितलंय.

लोक म्हणतात अंगणवाडी आहे की. आहे, आणि आमच्या सेविकाताई चांगल्या आहेत. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्यामुळं किती पोरांच्या पोटात वेळेवर अन्न गेलं ते आमच्यासारख्यांना माहितीय. पण तिथं बसायला मूल तीन वर्षांचं लागतं आणि ती काही तासांत सुटते. तीनच्या आतल्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, पण दिवसभर त्याला धरणार कोण? आईच्या कामाचे तास आणि अंगणवाडीचे तास जुळतच नाहीत.

माझ्या सासूबाई नाहीत. माहेरी आईकडं भावाची दोन पोरं, शिवाय शेती. मिस्टर टेम्पो चालवतात, पहाटे मार्केट यार्डला जातात. मी बारावी झालेली, नंतर बालवाडीचा कोर्सपण केला. मुलीचं खरं नाव इथं लिहीत नाही, चिमी म्हणते. चिमी दीड वर्षाची झाली तेव्हा कर्जाच्या हप्त्यामुळं मला काम करणं भागच होतं, आणि तिला कुणाकडं ठेवून जायचं नाही हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तिला घेऊनच काम मिळतंय का बघू म्हटलं. काही घरांनी फोनवरच नाही म्हटलं. काहींनी 'बघू, कळवतो'. काहींनी हो म्हटलं आणि लगेच पुढं, की मग पगारात दोन हजार कमी होतील हां. मी विचारलं कशाबद्दल कमी, तर म्हणे तुमचं लक्ष अर्धंच राहणार ना. एका घरी मी थोडे दिवस गेलेपण, तिथं माझा कप आणि ताटली सिंकखाली वेगळी ठेवलेली असायची. ते मी सोसलं असतं कदाचित, पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी चिमीसाठी पण तिथूनच वाटी काढून दिली आणि मी ते काम सोडलं. दीड वर्षाच्या मुलीनं वेगळ्या वाटीत खायचं हे तिला माझ्या डोळ्यांदेखत शिकवलं जाणार असेल, तर तिला बरोबर आणण्यात काय अर्थ?

मग सहकारनगरचं काम मिळालं. तिथल्या ताई हिंजवडीला आयटीत, दादा बँकेत, घरी आजी होत्या पण गुडघ्यांमुळं त्यांना बाळ उचलायचं जमत नव्हतं. बाळाला इथं बाबू म्हणते. ताईंची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली होती, बाबू सहा महिन्यांचा होता. भेटायला गेले तेव्हा चिमीला कडेवर घेऊनच गेले, लपवायचंच नव्हतं काही. ताईंनी मला जे विचारलं ते मला आवडलं. हिची दुपारची झोप किती वाजता असते, हिला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, लसी सगळ्या झाल्यात का, ही दुसऱ्या बाळाच्या अंगावर हात टाकते का. आईनं दुसऱ्या आईला विचारावेत असे प्रश्न. मी पण विचारलं, बाबू आजारी पडला तर मला आदल्या रात्री सांगाल का, हॉलमध्ये कॅमेरा आहे का, चिमी कुठं झोपेल, तिचं जेवण मी घरून आणायचं का इथलं. पगार त्यांनी ठरलेला तेवढाच सांगितला, मूल आहे म्हणून कमी नाही. तास-दीड तास बोललो असू. पुढची दोन वर्षं नीट गेली ती त्या बोलण्यामुळं, असं मला मनापासून वाटतं.

आता दिवस कसा जायचा ते सांगते, कारण लोकांना वाटतं एका बाईकडं दोन लहान मुलं म्हणजे गोंधळच. गोंधळ असतो, पण तो बसवता येतो. बाबू सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन झोपा घ्यायचा, चिमी फक्त दुपारी. म्हणजे सकाळची त्याची झोप हा चिमीचा वेळ, त्या पाऊण तासात मी तिची, फक्त तिची. दुपारी दोघांना एकत्र झोपवायला मला बरेच दिवस लागले. आधी त्याला पाळण्यात हलवायचं आणि हिला मांडीवर, एकच अंगाई दोघांना, आणि आधी झोपायची ती चिमी. जेवणाचं असं की त्याला तेव्हा नुकतं वरचं अन्न सुरू झालेलं, भाताचं खिमट, नाचणीसत्त्व, शिजवून कुस्करलेला भोपळा. हिला भाकरी-वरण कुस्करून. मी आमच्या पिशवीतून शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं सगळं बंद केलं, कारण चिमीच्या हातातून खाली पडलेला एक दाणा रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जायला आणि घशात अडकायला किती वेळ लागतो. तिच्या चपलेचं मणी लावलेलं बक्कल काढून टाकलं. रोज सकाळी त्या घरात पाऊल टाकलं की आधी मी खाली बसून, मुलाच्या उंचीवरून सगळी फरशी बघायचे. हे काम चिमी बरोबर नसती तर मी एवढं काटेकोरपणे केलं नसतं. लक्ष अर्धं होतं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते, की दोन मुलं असली की लक्ष दुप्पट लागतं आणि ते लागतं म्हणून दिलं जातं.

चिमी तेव्हा अंगावर प्यायची. ताई ऑफिसमधून आणि घरून दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, पिशवीवर तारीख लिहिलेली, जुनी पिशवी आधी वापरायची, कोमट पाण्याच्या भांड्यात धरून गरम करायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही घालायची कारण मधेच चटका बसण्याइतकं गरम राहतं. मी बाबूला वाटी-चमच्यानं पाजायचे आणि मग आतल्या खोलीत चिमीला घ्यायचे. तो रांगत रांगत मागून यायचा, माझ्या गुडघ्याला धरून उभा राहायचा आणि टक लावून बघायचा. कधी झोंबायचा. मी त्याला कुशीत घ्यायचे, पाजायचे नाही, ते त्याच्या आईचं होतं आणि ती त्यासाठी दिवसातून दोनदा ऑफिसातल्या खोलीत पंप घेऊन बसत होती, तिच्या त्या कष्टाचा मान ठेवायला पाहिजे होता. पण त्या वेळी मला दर वेळी धाराऊ आठवायची.

माझं माहेर भोर तालुक्यातलं. पुण्याहून साताऱ्याकडं निघालं की हायवेला कापूरहोळ लागतं, तिथनं एक रस्ता भोरला वळतो आणि एक नारायणपूरकडं. त्या कापूरहोळची धाराऊ. आमच्याकडं शाळेत जायच्या आधीच पोरांना ती माहीत असते. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाई राणीसाहेब आजारी, अंगावर दूध पुरेना, म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ आणली. पुढं १६५९ मध्ये सईबाई गेल्या, तेव्हा राजे दोन वर्षांचे. धाराऊनं त्यांना दूध पाजलं, मोठं केलं, हे सगळे अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. पण मी चिमीला मांडीवर घेऊन बसले की मला वेगळंच दिसायचं. दूध काय आपोआप येत नाही. धाराऊच्या अंगावर दूध होतं म्हणजे तिचं स्वतःचं मूल तेव्हा अंगावर पिणारं असणार. तिच्या अंतोजी आणि रायाजी या मुलांची नावं इतिहासात आहेत ती राजांचे दूधभाऊ म्हणून, मोठेपणी ते संभाजीराजांच्या सोबत होते. मग ती गडावर गेली तेव्हा तिचं तान्हं तिच्याबरोबर होतं का? त्याला पोटभर मिळालं का? कुणी विचारलं असेल का तिला, की बाई तुझं कुठंय? मला वाटतं जिजाऊंनी विचारलं असणार, आईच त्या. याला माझ्याकडं कागदाचा पुरावा नाही, माझ्या मनाची खात्री आहे. भाऊ हे नातं एका घरात दोन्ही मुलं दिसल्याशिवाय तयार होत नाही असं मला तरी वाटतं.

बाबू आणि चिमीचं पण तसंच झालं. तो चालायला शिकला तो तिचा फ्रॉक धरून. आजींनी पांगुळगाडा आणलेला होता, त्याला हात लावला नाही त्यानं. तिचं बोलणं आमच्या तिकडचं, 'न्हाय', 'हिकडं', तर याच्या पहिल्या शब्दांत 'न्हाय' आला. आजींना आधी ते आवडलं नाही, मला म्हणाल्या जरा शुद्ध बोलत जा गं त्याच्याशी. मी म्हटलं आजी, मी बोलते तेच बोलणार तो, दिवसाचे दहा तास माझ्याजवळ आहे. त्या गप्प बसल्या, थोड्या दिवसांनी त्याच चिमीला जवळ घेऊन म्हणी शिकवायला लागल्या.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच आठवड्यात ठरवून घेतली. खेळण्यावरून रडारड झाली की घरातलं मोठं माणूस पटकन म्हणतं, 'तू मोठी ना, दे त्याला'. चिमी दोन वर्षांचीसुद्धा नव्हती. आणि घर त्याचं, खेळणी त्याची, कामाला आई हिची, म्हणजे दर वेळी सोडायचं ते हिनंच. हे रोज, वर्षभर, दोन वर्षं झालं तर मुलगी काय शिकेल याचा मी खूप विचार केला. म्हणून चिमीची वेगळी पिशवी ठेवली, त्यातली भातुकली आणि कापडी बाहुली तिची, बाबूनं मागितली तर तिला विचारायचं. त्याची गाडी त्याची, हिनं मागितली तर त्याला विचारायचं. बाकी सगळ्याला पाळी. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या, आणि आजींना समजवायचं काम त्यांनीच केलं. मुलं अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात, दोन-चार महिन्यांत बाबू स्वतःच हात मागं घेऊन चिमीकडं बघायचा, ती हो म्हणाली की घ्यायचा.

कॅमेऱ्याबद्दल लिहायलाच पाहिजे. हॉलमध्ये कॅमेरा होता, मला आधीच सांगितलेला, आणि माझी त्याला हरकत नाही, माझं सहा महिन्यांचं बाळ मी अनोळखी बाईकडं सोडलं असतं तर मीपण लावला असता. पण कॅमेऱ्याला फक्त दिसतं. एकदा बाबू खाली बसून जोरात रडत होता आणि मी त्याला सोडून चिमीला उचलून घेतलं, तिच्या तोंडात बोट घातलं, पाठीवर थापटलं. ताईंनी ऑफिसातनं नेमकं तेव्हा बघितलं. फोन आला, आवाज बदललेला, 'तो एवढा रडतोय आणि तुम्ही चिमीला घेताय?' मी म्हटलं ताई, तो रडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. चिमीनं बाटलीचं झाकण तोंडात घातलं होतं आणि तिचा आवाज बंद झाला होता. दोन मुलं असताना जे गप्प झालंय त्याच्याकडं आधी धावायचं असतं. उद्या चिमी रडत असेल आणि बाबू गप्प असेल तर मी बाबूकडं धावेन आणि माझी मुलगी रडत राहील, ते पण तुम्हाला कॅमेऱ्यात दिसेल. पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, ठीक आहे का ती आता? संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आधी चिमीला जवळ घेतलं आणि मग मला म्हणाल्या, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

दोघं एकदम रडली तर आधी कुणाला घेता, हा प्रश्न मला सगळेच विचारतात, बसमधल्या बायकासुद्धा. ज्याला लागलंय त्याला आधी. कुणालाच लागलं नसेल तर लहान असेल त्याला, आणि मोठ्याला दुसऱ्या हातानं जवळ ओढायचं. यात माझं-तुझं नसतं. पण मनात? मनात चिमीचं रडणं मला जास्त आत जाऊन लागायचं, आणि तसं लागत असतानाही हात बाबूकडं जायचा, कारण लागलेलं त्याला असायचं. आमच्या या कामातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो, आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मूल गावी ठेवून येणाऱ्या बाईला हे रडणं ऐकू येत नाही म्हणून तिला सोपं जातं असं समजू नका. माझी एक मैत्रीण जुळ्यांना सांभाळते, ती म्हणते संध्याकाळी त्यांना जेवू घालताना माझा घास उतरत नाही.

आजारपणाचं गणित मात्र शेवटपर्यंत नीट बसलं नाही. चिमीला ताप आला की आम्ही दोघी घरी, म्हणजे ताईंना सुट्टी टाकावी लागायची, आणि त्यांचा मॅनेजर त्यावर काय बोलायचा ते त्यांचा चेहरा सांगायचा. बाबूला ताप आला की मला जास्तच यावं लागायचं, मग चिमीला ती सर्दी व्हायचीच. आदल्या रात्री मेसेज आला तर मी तिला शेजारी ठेवायचे, पण ताप कुठं आदल्या रात्री सांगून येतो. एकदा दोघांना एकदमच झालं आणि डॉक्टरकडं आम्ही दोघी आया दोन पोरं घेऊन एकाच बाकावर बसलो होतो. त्या दिवसाचे पैसे माझे कापले नाहीत, चिमीच्या औषधाचे पण ताईंनीच दिले, मी परत द्यायला गेले तर म्हणाल्या हा ताप तिला इथनंच लागला, हे आमच्याकडं. उपकार केल्यासारखं दाखवलं नाही त्यांनी, हिशोब म्हणून सांगितलं. मला ते फार बरं वाटलं.

ताईंच्या कंपनीत पाळणाघर आहे. २०१७ साली मातृत्व रजेचा कायदा बदलला, रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चारदा मुलाला भेटू द्यायचं, असं त्यात आलं. ताई तिथं बाबूला नेत नव्हत्या कारण सहकारनगर ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये एवढ्याशा बाळाचे हाल. ते बरोबरच. पण बघा, त्यांना एक सोय होती जी त्यांनी घेतली नाही, आणि त्यांच्या जागी जी आई बाळाजवळ बसली तिला त्या कायद्यात जागाच नव्हती, कारण एका घरात एकच बाई कामाला असते, पन्नास नसतात.

याच्याहून मला जे खटकतं ते सांगते. १९९६ साली बांधकाम मजुरांचा कायदा झाला, त्यात असं आलं की साइटवर पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी खोली पाहिजे, उजेड-हवा पाहिजे आणि मुलं सांभाळायचं शिक्षण घेतलेली बाई पाहिजे. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या ठिकाणी धुळीत पडलेली मुलं बघून मोबाइल क्रेश ही पाळणाघरं चालवणारी संस्था सुरू केली, ते काम मुंबई-पुण्यातपण आलं. सगळ्या साइटवर हे पाळलं जात नाही, ते मला दिसतं. पण निदान कागदावर मजूर बाईच्या मुलाचा विचार आहे. आणि तीच बिल्डिंग पूर्ण झाली, लोक राहायला आले, की रोज तिथं शेकडो बायका गेटमधून आत येतात, पन्नासपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांच्या मुलांसाठी एकही खोली नाही. क्लब हाऊस आहे, जिम आहे, टेबल टेनिसची खोली आहे. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये माझा फोटो आणि नंबर आहे, चिमीचं नाव नव्हतं, सिक्युरिटीचे काका दोन वर्षं तिला रोज वहीत 'गेस्ट' म्हणून लिहायचे.

आमच्यासाठी काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, आजारपणात रजा आणि पगारवाढ यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, आमच्या वस्तीत त्या वेळच्या एक मावशी आहेत, त्या अजून सांगतात. आज महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस मागताना माझी मान खाली जात नाही ती त्या बायकांमुळं. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी असेल तर बाळंतपणाला पाच हजारांची मदत आहे. ते घ्यावं, नोंदणी करावी, मी भेटेल त्या बाईला सांगते. पण ती मदत बाळंतपणापुरती. बाळ झाल्यावर त्याला घेऊन कुठं बसायचं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, मग विधानभवनात हिरकणी कक्ष, म्हणजे आईनं बाळाला पाजायची खोली, उघडला. ती बातमी बघून मी किती वेळ मोबाइल हातात धरून बसले होते. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, सरकारी ऑफिसात असतो, असायलाच पाहिजे. हिरकणी तरी कोण होती, गडावर दूध घालायला जाणारी कामकरी बाई. मूल घरी ठेवून कामावर गेली आणि दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरली, असं सांगतात. आपण तिच्या नावाचा बुरूज दाखवतो. मला लहानपणापासून वाटायचं, तिला बाळ बरोबर न्यायला का नव्हतं जमत?

चिमी आता शाळेत जाते. बाबूपण प्ले ग्रुपला जातो, ताईंचं काम माझं संपलं, दुपारी दोन तास तेवढी जाते. आता त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगला जुळ्यांचं काम आलंय आणि मी हो म्हणायच्या आधी माझं म्हणणं कागदावर लिहून दिलं. शाळा सुटल्यावर मुलगी माझ्याकडं येणार. ती तुमच्यातच, त्याच भांड्यात जेवणार, तिचा शिधा हवा तर मी आणेन. मुलं आजारी असली तर मला आधी कळवायचं. तिला कुणी पाणी आण, रिमोट दे, बाळाला बघ असं काम सांगायचं नाही, पगार मला आहे, ती अभ्यास करेल नाहीतर खेळेल. हे शेवटचं मी मुद्दाम घातलं, कारण आठ-नऊ वर्षांची झाली की आईबरोबर येणारी मुलगी हळूहळू फुकटची मदतनीस होते, हे मी तीन-चार घरांत बघितलंय आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. त्यांनी कागद वाचून दोन दिवस मागितले आणि हो म्हणून कळवलं.

आणि अजून एक करतोय. सोसायटीत बाळ सांभाळायला येणाऱ्या आम्ही बायकांनी एक यादी केली, कुणाचं मूल किती वर्षांचं, आत्ता कुठं असतं, सोय झाली तर बरोबर येईल का. क्लब हाऊसमधली टेबल टेनिसची खोली सकाळी दहा ते चार रिकामी असते. ती मिळाली तर आम्ही पाळीपाळीनं एक जण बसू, बालवाडीचा कोर्स केलेल्या आमच्यात दोघी आहेत, सतरंजी आणि खेळणी आम्ही जमवू, पंखा, पाणी आणि जवळचा बाथरूम एवढं सोसायटीनं द्यावं. ताईंनी अर्ज इंग्रजीत करून दिला, त्यावर अकरा फ्लॅटच्या सह्या आहेत, पहिली सही आजींची. कमिटीतले एक काका म्हणाले इन्शुरन्सचं काय, पडलं-झडलं तर जबाबदार कोण. प्रश्न योग्य आहे, त्याचं उत्तर शोधायला मी एका संघटनेच्या ताईंना भेटून आले. मीटिंग पुढच्या रविवारी अकरा वाजता आहे. ज्यांच्या घरी बाळ सांभाळायला बाई येते त्यांनी कृपा करून या, आणि यायच्या आधी तिला एकदा विचारा, तुझं मूल आत्ता कुठंय.